गळाचं टोक

जाऊबाई, माझी जीभ तिखट म्हणून एका चातुर्मासात मी मौनाने जेवायचं व्रत धरलं, तेव्हा ही गोष्ट सुचली.

फार वर्षांपूर्वी झिपरू ढिवराचा गळ टोक मिरवत उथळ तलावात उतरायचा आणि दर वेळी शेवाळाची जुडी घेऊन वर यायचा.

"आता मासा नाही आणलास तर फेकूनच देतो तुला!" झिपरू वैतागला.

"गळोबा, पालेभाजी पुरे झाली," आमिष म्हणून दोरीला बांधलेला चिंधीचा बेडूक हसला. "टोक माझ्या पोटात लपवा."

"मग मला विचारणार कोण?"

"मासा विचारेल की!"

गळाने मुकाट्याने टोक बेडकाच्या पोटात लपवलं. बेडूक शेवाळावरून टुणटुणत गेला. कुठेच काही अडकलं नाही. खालून मरळ माशाने त्याला गपकन धरलं, आणि तेव्हाच टोक बाहेर येऊन त्याच्या जबड्यात रुतलं.

यंदा तुम्हीही धरा ना हे व्रत. बोलायचं ते आचवल्यावर बोलू.