पिंपाच्या पोटातलं

नागवडीच्या राजेसाहेबांचं पहिलं पिंप फुटलं आणि दुसरं मुकं निघालं.

राज्य केव्हाच गेलं होतं, पण राजेसाहेबांचा हुकूम आणि हट्ट दोन्ही शाबूत होते. अलीकडे त्यांना घरी बिअर करायचा नाद लागला होता. रीतसर परवाना काढला, परदेशातून लाकडी पिंपं मागवली आणि नाचणीची बिअर करायचं काम रखमाजी आचाऱ्याच्या गळ्यात मारलं. रखमाजीनं पहिल्या पिंपात साखर जास्त घातली. आत वायू इतका झाला की झाकण उडून छताला लागलं. त्या धसक्यानं दुसरं पिंप तो रोज उघडून बघत राहिला. वायू सगळा निघून गेला आणि पेल्यात उतरलं ते निपचित पाणी, त्याला फेस म्हणून नाही.

बारा दिवसांनी राजेसाहेबांचे व्याही, जहागीरदार मल्हारराव, जेवायला येणार होते. त्यांच्या घरची बिअर म्हणे फार फेसाळ.

राजेसाहेबांनी रखमाजीला बोलावलं. "या खेपेला पिंपावर मी स्वतः लाखेची मोहोर लावणार. झाकण निघेल ते व्याह्यांसमोर. त्याआधी उघडायचं नाही, चाखायचं नाही. पण आत काय चाललंय ते मला रोज सकाळी कळलं पाहिजे."

"न उघडता कसं कळणार, सरकार?"

"ते तुम्ही बघा. नाही जमलं तर वाड्यामागची खोली रिकामी करा."

त्या खोलीत रखमाजीचा तीस वर्षांचा संसार होता. त्याची मुलगी हौसा तिथेच लहानाची मोठी झाली होती. ती आता गावातल्या सोड्याच्या कारखान्यात बाटल्या भरायच्या कामावर जायची. संध्याकाळी घरी आली तर बाप चुलीपुढे बसलेला आणि चूल थंड.

सगळं ऐकून घेतल्यावर ती एवढंच म्हणाली, "आबा, नवी बिअर आंबवून तयार आहे ना? मग उद्या मी येते सरकारांकडे."

सकाळी ती सायकल ढकलत वाड्यात आली. मागे चार पांढरी प्लास्टिकची पिंपं बांधलेली, एकेक पाच लिटरचं.

झोपाळ्यावरचे राजेसाहेब थांबले. "हे काय? रॉकेल आणलंस?"

"पिंपं आहेत, सरकार. सोडा भरायची. तुमचं एक लाकडी पिंप बोटीतून आणायला जेवढं भाडं पडलं, तेवढ्यात अशी पन्नास येतील."

"वाड्यात प्लास्टिक? व्याही हसतील मला."

"आधीच्या दोन पिंपांना कोण रडलं, सरकार?"

बाजूला उभ्या दिवाणजींना एकदम खोकला आला. राजेसाहेबांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. "भर. पण अट तीच."

हौसानं बिअर गाळून भरली, प्रत्येक पिंपात मोजून साखर टाकली आणि झाकणं घट्ट लावली. राजेसाहेबांनी मोहोरा उमटवल्या आणि पिंपं कोठीच्या थंड खोलीत गेली.

रोज सकाळी कारखान्यात जाण्याआधी ती कोठीत शिरायची, तापकऱ्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा एकेका पिंपावर हात ठेवायची आणि झोपाळ्यासमोर येऊन उभी राहायची.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "झोपली आहेत अजून." चौथ्या दिवशी म्हणाली, "जागी झालीत, सरकार."

राजेसाहेब स्वतः जाऊन मोहोरा बघून आले. एकीलाही तडा नव्हता. ही पोरगी मनाला येईल ते सांगत असणार, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी दिवाणजींकरवी एक पिंप गुपचूप हलवलं आणि त्याच्या जागी गावातून आणवलेलं तसलंच दुसरं, नुसत्या पाण्यानं भरून, मोहोर लावून ठेवलं.

सहाव्या दिवशी हौसा नेहमीपेक्षा लवकर बाहेर आली. "आज तिघांचीच खबर आहे, सरकार. खिडकीजवळच्या पिंपात पाणी आहे. आमची बिअर कुठं ठेवलीत तेवढं सांगा, तिलाही बघून येते."

राजेसाहेबांचा पानाचा विडा हातातच राहिला.

आठव्या दिवशी मात्र हौसा एका पिंपापाशी खाली बसली. दारामागचं पिंप टम्म झालं होतं. झाकण जरा सैल केलं की भागलं असतं, पण वर मोहोर होती. तिनं आबांना हाक मारली. दोघांनी ते पिंप ओल्या गोणपाटात गुंडाळलं, दोराच्या जाळीत घातलं आणि विहिरीच्या गार पाण्यात सोडलं. ते तरंगायला लागलं, म्हणून जाळीला दगड बांधावा लागला. रखमाजी दिवसभर काठावरून हलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिंप वर ओढून हात लावला. आतलं काम मंदावलं होतं, फुगायचं थांबलं होतं. तेव्हा कुठे तिला चहा गोड लागला.

रविवारी व्याही आले. प्लास्टिकची पिंपं बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. राजेसाहेबांनी मोहोर फोडली. फुस्स करून आवाज आला आणि पेल्यात बिअर उतरली, वर चार बोटं फेस. मल्हाररावांनी पेला एका दमात संपवला, मिशा पुसल्या आणि पुन्हा पुढे केला.

"व्याही, माझ्या बिअरचा फेस तिसऱ्या दिवशी बसतो. ही केली कुणी?"

राजेसाहेबांनी हौसाला समोर बोलावलं. "पोरी, आता खरं सांग. मोहोर न तोडता आतलं तुला कळत होतं कसं?"

"अंगठ्यानं, सरकार. पिंप दाबून बघायचं. वायू नसला की अंगठा आत जातो. वायू झाला की पिंप कडक लागतं. पाण्याचं पिंप शेवटपर्यंत मऊच राहतं."

"एवढंच? मग माझ्या लाकडी पिंपांचं का नाही कळलं कुणाला?"

हौसानं पदर सावरला. "ती मोठ्या घरची, सरकार. फुटायची वेळ आली तरी बाहेर कुणाला पत्ता लागू देत नाहीत. हे गरिबाघरचं. पोटात असतं ते पोटावर दिसतं."

दिवाणजी खाली मान घालून सतरंजीकडे बघत राहिले. मग राजेसाहेबांना हसू फुटलं आणि ते इतकं वाढलं की झोपाळ्याच्या कड्या वाजायला लागल्या. मल्हाररावही हसले आणि त्यांच्या पेल्यातला फेस धोतरावर सांडला.

"दिवाणजी," राजेसाहेब डोळे पुसत म्हणाले, "मागची खोली आजपासून रखमाजीच्या नावावर करा. आणि पागा रिकामीच पडली आहे, ती या पोरीला द्या. तिथे तिनं स्वतःचा सोड्याचा कारखाना काढावा. पिंपं कसली घ्यायची, ते मात्र तिला कुणी शिकवू नका."