माहेरचं नाव

झाडांना वस्तूंचं बोलणं कळायचं, त्या काळची गोष्ट. गोल्फच्या एका स्वस्तातल्या पोलादी काठीला सगळे ‘वुड’ म्हणत. वुड म्हणजे लाकूड, हे कळल्यापासून तिचा जीव मैदानाकडेच्या बाभळीत अडकला. तेच आपलं माहेर! नवशिके पेठेकाका नेम कुठेही धरोत, चेंडू बाभळीकडेच जाई. काका बिचारे आपल्या हातांना दोष देत.

एकदा चेंडू शोधताना काकांनी काठी बाभळीला टेकवली.

“आई, मी आले.”

बाभळीने तिचं थंडगार अंग चाचपलं. “पोरी, तू आमची नव्हेस. पूर्वी या काठ्या लाकडाच्या असत. त्या गेल्या, नाव तेवढं तुला मिळालं.”

काठीने विचारलं, “मग जाऊ मी?”

“त्यांच्यातली एकही कधी परत आली नाही गं,” बाभूळ म्हणाली. “जरा टेकून राहा.”