शब्दाचा पक्का बर्नबा

एका गावात एक भोळा घंटावाला होता. गावाचं नाव टाकळखडी आणि घंटावाल्याचं नाव बर्नबा. गावाच्या मधोमध दगडी चर्च, चर्चला उंच मनोरा, मनोऱ्यात काशाची घंटा, घंटेला जाडजूड दोरी, आणि दोरीच्या खालच्या टोकाला बर्नबा. आजाने ती घंटा वाजवली, बापाने वाजवली, आता हा वाजवत होता. घंटा म्हणजे त्याचा जीव की प्राण.

घंटेची भाषा साऱ्या गावाला पाठ होती. टणटण, टणटण अशी जोडीने वाजली की उपासना. थांबत थांबत एकेक टोला पडला की कुणीतरी गेलं. आणि न थांबता बडवली की आग. यात बर्नबाची कधी चूक व्हायची नाही.

चूक व्हायची ती उपदेशामुळे. पाळक शिनगारेसाहेबांना बोलण्याची भारी हौस. ते तासभर बोलत, आणि बर्नबा पहिल्या बाकावर बसून त्यातलं एक वाक्य उचली. एकच. तेवढ्यावर तो आठवडा काढी.

एका रविवारी साहेब म्हणाले, "तुम्ही या पृथ्वीचं मीठ आहात!"

बर्नबाने स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग हळूच मनगट चाटून बघितलं. खारट लागलं. त्याची खात्री पटली.

बुधवारी प्रार्थनासभा होती. आभाळातून चार थेंब पडत होते. वेळ झाली तरी घंटा वाजेना. पाळकसाहेब छत्री घेऊन बर्नबाच्या घरी गेले. बर्नबा घोंगडी पांघरून पार आतल्या कोपऱ्यात बसला होता.

"बर्नबा, घंटा?"

"पाऊस हाये, साहेब."

"अरे, चार थेंब आहेत."

"मिठाला चार थेंब लई झाले."

चुलीपुढून त्याची बायको रिबका म्हणाली, "साहेब, सोमवारपासनं आंघोळ न्हाई केली ह्यांनी. इरघळंन म्हंत्यात."

पाळकसाहेबांनी डोक्याला हात लावला. "बर्नबा, मीठ म्हणजे चव. तू जिथे जाशील तिथे चव आली पाहिजे, एवढंच."

"येवढंच व्हय!" म्हणून बर्नबा उठला. आधी त्याने घंटा वाजवली. मग दुसऱ्या दिवशी तो शेजारणीच्या घरी गेला आणि तिच्या आमटीच्या पातेल्यात कोपरापर्यंत हात घालून उभा राहिला. मधूनमधून विचारत होता, "आली का चव?" आमटी गार होती म्हणून बरं. शेजारीण गार नव्हती.

"हात आवर रे बाबा," पाळकसाहेबांनी बजावलं. आणि नेमका पुढच्या रविवारचा उपदेशही हातावरच निघाला. दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नये, असं साहेब म्हणाले.

बर्नबा घरी येऊन विचारात पडला. द्यायला आपल्याजवळ आहे काय? घंटेचा आवाज. तेच आपलं दान. म्हणजे घंटा वाजते हे डाव्या हाताला कळता कामा नये.

बुधवारी त्याने डावा हात धान्याच्या पिशवीत घातला, पिशवी पाठीमागे बांधली आणि एकट्या उजव्या हाताने दोरी ओढली. घंटा जड. जोडीचा टोला काही निघेना. टण्ण... मग बर्नबा दम खाई. टण्ण... पुन्हा दम खाई.

गावात एकच कालवा झाला. याकोबनाना पंधरा दिवस आजारी होते. बाया डोळ्याला पदर लावून त्यांच्या अंगणात जमल्या. सुतार पेटीचं माप घ्यायला सुतळी घेऊन आला. बघतात तर नाना ओसरीवर बसून चहात खारी बुडवून खात होते. घंटा त्यांनीही ऐकली होती. त्यांनी टोपी काढली आणि विचारलं, "कोन गेलं रं?"

सगळ्यांनी सुताराकडे बघितलं, सुताराने सुतळी पाठीमागे लपवली.

"सांगा की. माझ्यापरीस म्हातारं गावात कोन व्हतं?"

शेवटी खरं काय ते कळलं. सगळे हसत, चडफडत घरी गेले. सुतार मात्र म्हणाला, "नाना, आलोच हाये तर माप घिऊन ठिवतो."

चर्चच्या पंचांना हे हसण्यावारी नेता येईना. त्यांनी सांगितलं, घंटा दानिएलकडे द्या. दानिएल मॅट्रिक झालेला होता आणि त्याच्या मनगटावर घड्याळ होतं. पाळकसाहेबांनी कशीबशी मुदत मागून घेतली.

बर्नबा तसाच घरी गेला. रिबकाला म्हणाला, "दोरी गेली तर मी नुस्ता बर्नबा उरंन."

"मग जरा डोकं चालवा की," ती म्हणाली. तिलाही वाईट वाटत होतं. घंटा वाजली की तीही दारात येऊन उभी राहायची, अगदी लग्न झाल्यापासून.

पुढे हंगामाचा सण जवळ आला. लोकांनी शेतातलं, घरातलं पहिलं-वहिलं चर्चला आणून दिलं. भोपळे आले, कांदे आले, आणि एकवीस कोंबड्या आल्या. सणाच्या दिवशी उपासना झाली की सगळ्या गावाचं एकत्र प्रीतिभोजन असायचं, त्यासाठी. कोंबड्या डालग्यांखाली झाकल्या आणि राखणीला बर्नबाला बसवलं.

त्याच आठवड्याचा उपदेश हरवलेल्या मेंढराचा होता. शंभरातलं एक हरवलं, तेव्हा मेंढपाळ नव्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला गेला, खांद्यावर घालून घरी आला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना म्हणाला, आनंद करा!

शुक्रवारी एक तांबडी कोंबडी डालग्यातून निसटली आणि भिंतीवरून पलीकडे गेली. बर्नबाला काय करायचं ते पाठच होतं. त्याने आधी बाकीची डालगी उचलली. वीसच्या वीस कोंबड्या हाकलत रानात नेऊन सोडल्या. मग निवांतपणे एकीला शोधायला निघाला.

दुपारी तो परत आला तो खांद्यावर तांबडी कोंबडी घेऊनच. "शेजाऱ्यांनो, या! आनंद करा! घावली!"

लोक जमले. पंच आले. "आणि बाकीच्या वीस?"

"त्या हरवल्याच न्हाईत. त्या रानात हायेत."

रानात मुंगूस होतं, दोन कुत्री होती, आणि पलीकडच्या वस्तीवर त्या दिवशी पाहुणे आले होते. आनंद कुणी केला नाही.

पाळकसाहेबांनी बर्नबाला समोर बसवलं. या खेपेला त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "बर्नबा, हे दृष्टांत असतात रे. शब्द धरायचा नसतो, अर्थ धरायचा असतो. मीठ म्हणजे मीठ नाही. मेंढरू म्हणजे मेंढरू नाही. प्रत्येक शब्दाच्या पाठीमागे काय आहे ते बघायचं. आणि आता एक जरी चूक झाली, तर दोरी दानिएलकडे गेली. मलाही थांबवता येणार नाही."

बर्नबाचा चेहरा उजळला. "आसं व्हय! मंजी तोंडानं येक बोलायचं आन् मनात दुसरंच ठिवायचं!"

"तसं नाही... पण असू दे. तसंच काहीसं."

बर्नबा मन लावून कामाला लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाळकीणबाई आतून ओरडल्या, "बर्नबा, दार लाव रे! कुत्रं आत येतंय!"

बर्नबा दाराशी उभा राहिला. दार म्हणजे माणसाचं मन. कुत्रं म्हणजे ज्याला जगाने हाकललं तो. त्याने दार सताड उघडलं आणि म्हणाला, "ये बाबा." पाळकसाहेब त्या दिवशी लोणच्याशी भाकरी जेवले.

"सणापर्यंत कळ काढा," ते बायकोला म्हणाले. "सणाला त्याला फक्त घंटाच वाजवायची आहे."

सणाचा रविवार उजाडला. चर्चच्या मागे मांडव घातला होता. मांडवात भाताची हंडी होती, वांग्याची भाजी होती, आणि खांबाला बांधलेली तांबडी कोंबडी होती. तिला कापू द्यायला बर्नबा तयार नव्हता. सापडलेली होती ना. बर्नबाने उपासनेची घंटा झकास वाजवली. लोक आत गेले. पाळकसाहेब बोलायला उभे राहिले. बर्नबा मनोऱ्याखाली दोरीजवळ बसला.

तेवढ्यात चुलीची ठिणगी मांडवाच्या कडब्यावर उडाली. आचारी बादल्या घेऊन ओढ्याकडे पळाले, ते पळालेच. पाळकीणबाईंनी कोंबडी सोडवून काखेत मारली आणि धावत आल्या.

"बर्नबा, आग! मांडव पेटला! घंटा बडव!"

बर्नबा गडबडला नाही. त्याने डोळे मिटले. मांडव म्हणजे आपला देह, आज आहे उद्या नाही. आग म्हणजे भक्तीची आग. तो हात जोडून म्हणाला, "बाई, धन्य हाय तुमची! आशीच पेटत ऱ्हाऊ द्या."

"अरे मेल्या, पाणी! पाणी आण!"

"जिवंत पानी आत चाललंय, बाई. साहेब उपदेशातनं देत्यात."

पाळकीणबाईंनी त्याला ढकलून स्वतः दोरी धरली. पण एका हाताने. दुसऱ्या हातात कोंबडी फडफडत होती. टण्ण... कोंबडी निसटू बघे, तिला आवरावं लागे. टण्ण...

आत सगळे उठून उभे राहिले. माना खाली गेल्या. याकोबनानांनी आधी आपली नाडी बघितली, मग निश्चिंतपणे टोपी काढली. पाळकसाहेबांनी जड आवाजात मयताचं गीत सांगितलं. गीताला पाच कडवी होती. टाकळखडीचे लोक सगळी कडवी म्हणतात. चौथ्या कडव्याला मांडव खाली आला. पाचव्याला धूर खिडकीतून आत आला, तेव्हा कुठे साहेबांनी वास घेतला.

माणसं सगळी वाचली, कोंबडी वाचली. भात, भाजी आणि मांडव गेला.

तोंडाला काजळी लागलेले पाळकसाहेब बर्नबासमोर येऊन उभे राहिले. पंच मागे होतेच. "बर्नबा, आजपासून अर्थ बंद. कशाच्या मागेबिगे बघायचं नाही. सांगितलं तेवढंच करायचं, शब्दाला शब्द. कळलं?"

"कळलं, साहेब."

"मग ही दोरी दानिएलच्या हातात दे."

बर्नबाचे डोळे भरून आले. त्याने कमरेला विळा खोचला, मनोऱ्याच्या लोखंडी पायऱ्या चढला आणि वर घंटेपाशी कडीजवळ दोरी कापली. खाली येऊन त्याने तिचं नीट वेटोळं केलं, छातीशी धरलं आणि दानिएलच्या हातात ठेवलं. "संभाळ," म्हणाला. "आज्याच्या हातची हाये."

साऱ्यांनी वर बघितलं. उंच मनोऱ्यात घंटा एकटीच लटकत होती. दानिएल दोरी बांधायला चढला. चौथ्या पायरीवर त्याला घेरी आली आणि त्याला उतरवून घ्यावं लागलं. त्या पायऱ्या तीन पिढ्यांत बर्नबाच्या घराशिवाय कुणी चढलंच नव्हतं.

"बर्नबा, तूच जाऊन बांध," सुतार म्हणाला.

"साहेबांनी हातात दे म्हनून सांगितलं. काढून घे म्हनून न्हाई सांगितलं."

पाळकसाहेबांना तर त्याच्याशी नवीन वाक्य बोलायचीच धास्ती वाटत होती. त्यांनी सहा दिवस विचार केला आणि एक वाक्य तयार केलं. त्यात उपमा नव्हती, दृष्टांत नव्हता, कुठे पळवाट नव्हती. रविवारी सकाळी ते बर्नबाला म्हणाले, "हातोडा घे, वर चढ, घंटा वाजव, आणि मी पुरे म्हणेपर्यंत थांबू नकोस."

बर्नबाला इतका आनंद झाला की तो दोन-दोन पायऱ्या सोडून वर गेला. टणटण, टणटण! आठवडाभर मुकी असलेली घंटा गावावर दणाणली. रिबका दारात येऊन उभी राहिली. लोक बाकांवर येऊन बसले. पाळकसाहेब मनोऱ्याखाली आले आणि म्हणाले, "पुरे."

घंटेशी कान लावून बसलेल्या बर्नबाला काय ऐकू येणार? टणटण, टणटण!

"पुरे!" साहेब ओरडले. पंच ओरडले. सारी मंडळी बाहेर येऊन हात वर करून ओरडली. बर्नबाने खाली बघितलं. एवढी माणसं, हात वर करून! गावाला आपली घंटा इतकी आवडते हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याला भरून आलं आणि तो दुप्पट जोराने मारू लागला.

घंटा थांबेना म्हणजे आग. चारी वाड्यांवरून माणसं हंडे, बादल्या, घागरी घेऊन धावत सुटली. "कुठं पेटलं? कुठं पेटलं?" पाळकसाहेब लालबुंद तोंडाने हातवारे करत मधोमध उभे होते. पेटलेलं असं तेवढंच दिसत होतं. लोकांनी सगळं पाणी त्यांच्यावर ओतलं.

बर्नबा सूर्य डोक्यावर येईपर्यंत वाजवत होता. खाली दानिएल हातात दोरी घेऊन उभा होता आणि घड्याळ बघत होता. त्या रविवारी टाकळखडीत उपदेश झालाच नाही. त्यामुळे शास्त्राचा भलता अर्थ मात्र त्या आठवड्यात कुणीही काढला नाही.