कुकाऱ्याची धोंड

बसा या सावलीत. ही काळी धोंड दिसते ना, तिला आम्ही कुकाऱ्याची धोंड म्हणतो. कुकारा म्हणजे लांबवर जाणारी हाळी. खाली सात वाड्या आहेत. भातलावणीच्या पहिल्या दिवशी इथून कुकारा जातो, आणि सातही वाड्यांतून उत्तर आल्याशिवाय कुणी चिखलात रोप टेकवत नाही.

असं सांगतात, की खोताचं राज्य होतं तेव्हा प्रत्येक घरातलं एक माणूस त्याच्या शेतावर फुकट राबायचं. वेठ म्हणायचे त्याला. आपली रोपं पिवळी पडली तरी बोलायची सोय नव्हती. एका साली आवडी नावाच्या म्हातारीचा पाय मोडलेला, मुलगा गलबतावर गेलेला. घरात उरली सून, पाच दिवसांची बाळंतीण. खोताचा माणूस तिलाच घेऊन गेला.

आवडी बसत, घसटत इथवर चढली म्हणे. त्या काळी कुकारा द्यायचा तो वाघ आला तरच, आणि ऐकेल त्यानं तो पुढच्या वाडीला पोचवायचा. तिनं कुकारा दिला. कुणबीवाडी, कोळवाडा, मोहल्ला, आता जिला बौद्धवाडी म्हणतो तिथूनही माणसं काठ्या-कोयते घेऊन धावत आली.

“वाघ कुठाय, आवडीकाकी?”

“तो काय, खोताच्या मळ्यात. माझी बाळंतीण चिखलात वाकलीय. आज माझी, उद्या तुमची.”

सगळी खाली उतरली आणि मळ्याच्या बांधावर जाऊन उभी राहिली. त्यांना बघून लावणीच्या बायका हातातली रोपं टाकून एकेक करून बाहेर आल्या. सुनेला दोघी कोळणींनी धरून आणलं.

“जमिनी काढून घेईन!” खोत ओरडला.

“घ्या की सातही वाड्यांच्या,” गुणाजी नावाचा एक गडी म्हणाला. “मग नांगर कोण धरणार?”

चार दिवस मळा तसाच पडून राहिला. पाचव्या दिवशी खोतानं वेठ सोडली. त्या साली लोकांनी एकमेकांची शेतं लावली. कधी एकमेकांच्या बांधावर पाय न ठेवलेल्यांनीसुद्धा.

माझ्या लहानपणी उत्तरांनी डोंगर घुमायचा हो. आता माणसं मुंबईला, दारांना कुलपं. सातव्या वाडीत एकट्या हलीमाबी राहतात. गुडघे गेलेत, आवाज बारीक झालाय. आजही आम्ही त्यांच्यासाठी थांबतो. गेल्या साली फार उशीर झाला. पाऊस कोसळत होता, सगळे रोपं हातात धरून उभे. शेवटी आलं उत्तर, अगदी बारीकसं. मग वाकलो आम्ही लावणीला.