दिवाणजींनी पसंत केलेली काच

"ही काच फुटल्यावर माझ्या तोंडावर येणार नाही, हे आत्ताच्या आत्ता दाखवा. आणि दाखवताना काचेला ओरखडासुद्धा पडता कामा नये. जमत नसेल तर दिवाणगिरीची पगडी इथंच ठेवा आणि घरी जा," महाराज म्हणाले.

हरणखेडे संस्थानचा दिवाण मी. पगडी माझ्याच डोक्यावर होती.

महाराजांचा राग काही खोटा नव्हता. संस्थानात मोटार एकच. तिची पुढची काच गेल्या महिन्यात दगड उडून तडकली, तेव्हा मी अक्कल चालवली आणि तसबिरींना काचा लावणाऱ्या माणसाकडून नवी बसवून घेतली. आठव्या दिवशी ओढ्याच्या उतारावर मोटारीला गचका बसला आणि सगळी काच महाराजांच्या मांडीवर आली. मिशीतले तुकडे वेचायला वैद्यबुवांना अख्खी दुपार लागली. परवा शेजारच्या संस्थानात लग्न होतं आणि मोटारीतूनच जायचं असा महाराजांचा हट्ट. म्हणून या वेळी मी मुंबईहून इब्राहिम मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्रींनी दोन मोठ्या काचा आणल्या होत्या. एक लख्ख, दुसरी जराशी पिवळट. "दिवाणसाहेब, या दोन्हींत फरक आहे," असं ते सांगू लागले, तर मी म्हणालो, "फरक आम्हाला दिसतो." आणि लख्ख काच पसंत केली. मोटारीच्या काचेबद्दल मी एवढीच चौकशी केली. सकाळी त्यांनी ती मापाने कापून पागेच्या भिंतीला टेकवून ठेवली, आणि तेवढ्यात महाराज येऊन ही अट घालून बसले.

न फोडता फुटून दाखवायचं कसं? काहीतरी करायचं म्हणून मी काचेवर टिचकी मारली आणि "आवाज उत्तम आहे, महाराज," असं म्हणालो. महाराजांनी विचारलं, "कपाळ आपटून बघता?"

राणीसाहेबांना लग्नासाठी चुडा भरून तान्हूबाई कासारीण त्याच अंगणातून घरी निघाली होती. काच दिसली म्हणून थबकली. काय चाललंय ते तिने पागेवाल्याकडून ऐकून घेतलं आणि बोचकं खाली ठेवलं.

"सरकार, एक इचारू? ही काच ह्याच आकाराची आली नसंल. कापली असंल. मग उरलेले तुकडे कुठं हायेत?"

तुकडे मीच सकाळी अंगण नीट दिसावं म्हणून पागेमागे टाकायला लावले होते. ते आणले. तान्हूबाईने मुदपाकखान्यातून बत्ता मागवला, एका तुकड्यावर फडकं टाकलं आणि बत्ता हाणला. फडकं उचललं तर खाली सुरीसारख्या दहाबारा चिपा! महाराजांचा हात आपोआप मिशीवर गेला. भिंतीला टेकलेली काच जशीच्या तशी होती, आणि तिची परीक्षाही झाली होती. मी पगडीला हात घातला.

पण बाई थांबली नाही. तिने मिस्त्रींना विचारलं, "सवताच्या गाडीला हीच बसवली असती का?"

"नाही. ही खिडकीची. गाडीसाठी ती दुसरी, दोन काचांच्या मधे पापुद्रा असलेली. मी सांगत होतो, पण दिवाणसाहेबांना फरक दिसत होता."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पागेतल्या घोड्याकडे बघत राहिलो.

पिवळट काच मापाने कापली. तिच्या उरलेल्या कोपऱ्यावर तोच बत्ता पडला. तडे गेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे, पण कणसुद्धा सुटला नाही. अट पुरी झाली. मात्र महाराजांना हरायची सवय नव्हती. "आणि बसवताना फुटली तर? परवा लग्न आहे," ते म्हणाले.

मिस्त्री म्हणाले, ते संस्थानचं नशीब, काचेचा काय भरवसा. मला ते पटलं. मी मान डोलवतच होतो.

"तीस वर्सं मी बांगड्या भरते, मिस्त्री," तान्हूबाई म्हणाली. "हातावर चढताना फुटली ती माझी. चढली ती गिऱ्हाइकाची. तुमच्यात काय रीत हाय?"

मिस्त्रींनी दाढी खाजवली. महाराजांकडे बघितलं, बाईकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं. फुटली तर माझी. मुंबईहून दुसरी उद्याच्या गाडीने मागवीन."

त्यानंतरचं काम बघण्यासारखं झालं. दोन माणसांच्या जागी चार माणसं आली. खाली घोंगडी अंथरली गेली. चौकटीचं जुनं रबर कडक झालंय हे मिस्त्रींना आता दिसलं आणि पेटीतून नवं निघालं. काच बसल्यावर त्यांनी हात जोडून सांगितलं की कडेने भरलेलं लुकण वाळेपर्यंत, म्हणजे परवा सकाळपर्यंत, मोटार जागची हलवू नये.

"हे आधी का नाही बोललात?" महाराजांनी दरडावलं.

"आधी फुटली असती तर संस्थानची होती, सरकार. आता वाळेपर्यंत माझी आहे."

महाराज माझ्याकडे वळले. "दिवाणजी, तुम्ही एवढे शिकलेले. यातला एक तरी प्रश्न तुम्हाला का सुचला नाही?"

तान्हूबाईलाच माझी दया आली.

"त्यांचा काय दोष, सरकार? काच अंगावर मिरवायची तर बाई आधी धा गोष्टी इचारती. दिवाणजींनी जन्मात कधी बांगडी भरलीया का?"

महाराज इतके हसले की त्यांना मोटारीच्या पायरीवर बसावं लागलं. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी बाईला दिलं. माझी दिवाणगिरी राहिली. पण शिक्षण अपुरं राहू नये म्हणून मला डावा हात पुढे करायचा हुकूम झाला, आणि भर अंगणात दोन हिरव्या बांगड्या माझ्या मनगटावर चढल्या.

"लगेच चढल्या," महाराज म्हणाले.

"चढणारच की, सरकार," तान्हूबाई बोचकं बांधत म्हणाली. "हात लई मऊ हाय. कामाची सवय न्हाई त्याला."