चेहऱ्याच्या वाट्याची हळद

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं ते मला विचारू नका. माझ्या आजीलाही ते ठाऊक नव्हतं, आणि तिला तर सगळं ठाऊक असायचं. नदीकाठी पाणसरं नावाचं गाव होतं आणि गावाच्या कडेला राहीआक्का कुंभारीण राहत होती. तिच्या माठातलं पाणी भर वैशाखात प्यायलं तरी दात शिवशिवायचे, असं म्हणतात.

त्याच गावात ठकू नावाची लग्नाची मुलगी होती. हसरी, कामाला वाघीण. पण तिच्या गालांवर आणि नाकावर लाली पेटायची. उन्हात गेली की पेटायची, चुलीपुढे बसली की पेटायची, चारचौघांत कुणी नुसतं नाव घेतलं तरी पेटायची. मग बारीक पुटकुळ्या उठायच्या आणि सगळ्या चेहऱ्याची आग आग व्हायची.

आणि गाव काय गप्प बसतं होय? दुखणं एकीचं आणि वैद्य शंभर! एकीने लिंबू चोळलं. दुसरीने कडुनिंबाचा वाफारा दिला. तिसरी शहाणी बिब्बा घेऊन आली. "बिब्ब्यासारखं औषध नाही," म्हणाली आणि गालाला टेकवला. मग काय विचारता! पोरीचे डोळे सुजून बंद झाले. तरी कुणी थांबेना. लाली वाढली की औषध वाढायचं, आणि औषध वाढलं की लाली आणखी वाढायची.

अशातच ठकूचं लग्न ठरलं. मुलगा भला होता, ठकूला मनापासून आवडला होता. पण मुलाची आत्या बनूआत्या, म्हणजे मोठी करारी बाई. तिने ठकूला पाहिलं आणि ठणकावलं, "ही रक्तपिती तर नव्हे? मी नवऱ्याची उष्टी हळद घेऊन येईन. तेव्हा चेहरा निवळला असेल तर लग्न. नाहीतर हळद तशीच परत नेईन."

दारातून हळद परत गेलेल्या मुलीला पुन्हा कोण विचारणार? ठकूच्या आईने हाय खाल्ली. लेकीचा हात धरून ती थेट राहीआक्काकडे गेली.

राहीआक्का तेव्हा मडकी भाजत होती. उभा जन्म त्या धगीपुढे गेला, तरी म्हातारीचा चेहरा शांत. लोक म्हणायचे, तिला देवीचं वरदान आहे. वरदान कसलं! तरुणपणी तिचाही चेहरा असाच पेटायचा, आणि गावाचे सगळे लेप तिनेही सोसले होते. राहीआक्काने ठकूची हनुवटी वर केली, नीट पाहिलं आणि हसली.

"रक्तपिती नाही न् काही नाही. माझंही असंच होतं गं. आजपासून या चेहऱ्याला उपास."

"चेहऱ्याला उपास?" ठकूची आई चक्रावली.

"लेप नाही, लिंबू नाही, चोळणं नाही. दुपारचं ऊन नाही, चूल नाही, मिरचीचा खर्डा तर नाहीच. माठाच्या पाण्यात जुन्या लुगड्याचा मऊ धडपा भिजवायचा आणि नुसता टेकवायचा."

"जाईल ना हे, आक्का?" ठकूने विचारलं.

"मुळासकट नाही जायचं. खोटं कशाला सांगू? हा पाहुणा आहे, अधूनमधून येणारच. पण त्याला पाट-पाणी मांडायचं की नाही, ते आपल्या हातात."

खर्ड्याशिवाय भाकरी म्हणजे शिक्षाच की! पण ठकूने निग्रह केला. आईने सगळ्या औषधवाल्या बायकांना दारातूनच वाटेला लावलं. असं म्हणतात, पहिल्या दिवशी ओला धडपा गालाला टेकवला तेव्हा चर्र आवाज झाला आणि वाफ निघाली. माठ बघता बघता रिकामा झाला. मग आवाज रोज कमी होत गेला, आणि हळदीच्या सकाळी धडपा ओला तो ओलाच राहिला.

बनूआत्या वाजतगाजत आली. बघते तर चेहरा निवळलेला! बाई इतकी खूश झाली की मूठभर हळद घेऊन तशीच गालाकडे निघाली. ठकू मागे सरकली. तेवढ्यात राहीआक्का मध्ये उभी राहिली.

"गळ्याखाली हवी तेवढी लावा. चेहऱ्याला नाही."

"अपशकून करतेस?" बनूआत्या कडाडली. "मग चेहऱ्याच्या वाट्याची हळद जायची कुठं?"

लग्नासाठी आणलेली कोरी मडकी मांडवात होती. राहीआक्काने त्यातलं एक उचलून बनूआत्यापुढे ठेवलं. "इथं. हेही मातीचं, तीही मातीची. चोळा किती हळद चोळायची ती."

बनूआत्याही काही कच्ची नव्हती. पदर खोचून तिने मडकं असं रगडलं की ज्याचं नाव ते! असं म्हणतात, मडकं आधी पिवळं झालं, मग गुलाबी, मग निखाऱ्यासारखं लाल, आणि सगळ्यांच्या देखत ताडकन तडकलं.

बनूआत्याने मडक्याकडे पाहिलं, मग ठकूच्या गालांकडे. उरलेली हळद तिने खाली ठेवली, हात धुतले, धडपा भिजवला आणि हलकेच पोरीच्या गालाला टेकवला.

"झोंबतंय का गं?" तिने विचारलं.

इतक्या जणींनी इतकी औषधं लावली होती, पण हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. ठकूला रडूच फुटलं. "नाही, आत्या. गार वाटतंय."

लग्न दणक्यात झालं, हे काय सांगायला हवं? ठकूचा पाहुणा पुढेही अधूनमधून आला, पण बसायला जागा मिळेना म्हणून निघून गेला.

राहीआक्का कधी गेली, कुठे गेली, कुणी सांगत नाही. पण पाणसऱ्यात आजही नवरीच्या चेहऱ्याला हळद लागत नाही. तो वाटा राहीआक्काच्या नावाने कोऱ्या मडक्याला लावतात. मग नवऱ्याकडची सगळ्यात थोरली बाई ओला धडपा नवरीच्या गालाला टेकवते आणि भर मांडवात विचारते, "झोंबतंय का गं?" वाजंत्री थांबलेली असते, भटजी थांबलेले असतात. नवरी "नाही" म्हणाली, तरच लग्न पुढे सरकतं.