ताल म्हणजे दव

या, सरका जवळ. पाय पांघरुणात घ्या. फार वर्षांमागे काय झालं, खाडीकाठी एलोजी नावाचा एक तेली राहायचा. आपल्यातलाच, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवणारा. त्याची बायको लेआबाई. तिचे दिवस भरत आले होते, बरं का.

त्या वर्षी पाऊस रुसला. थंडी पडेपर्यंत विहिरीत खारं पाणी चढलं. प्यायला गोडं पाणी कुठेच नाही. लेआबाईचा घसा सुकून गेला. ती म्हणाली, "अहो, माझं राहू द्या. पण पोटातलं बाळ हलेनासं झालंय."

एलोजी पहाटेच तांब्या घेऊन निघाला. समुद्राला म्हणाला, "घोटभर गोडं पाणी दे." समुद्र म्हणाला, "माझ्याकडे सगळं खारंच रे बाबा." मग तो टेकडीवर चढला. ढगाला म्हणाला, "दोन थेंब टाक." ढग म्हणाला, "हा वारा थांबू देईल तर ना!" आणि गेला निघून. मग एलोजी मटकन गवतात बसला नि रडू लागला. बसला, तर धोतर ओलं! गवतातून बारीक आवाज आला, "मी आहे की. मला कुणी विचारतच नाही."

कोण होतं ते? दव!

मग एलोजीने पंचा गवतावरून फिरवला आणि तांब्यात पिळला. घोटभर पाणी निघालं. लेआबाई प्यायली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसरा दिवस शनिवार, शब्बाथ. त्या दिवशी काही काम करायचं नाही, पिळायचंसुद्धा नाही. पण एलोजी म्हणाला, "जीव वाचवायचा म्हटल्यावर देव रागावणार नाही." त्याने खांद्यावर पंचा टाकला, दार उघडलं आणि बघतो तर काय! ओट्यावर राहिलेला तांब्या काठोकाठ भरलेला. पानापानांवरून दवाचे थेंब उतरून येत होते, मुंग्यांसारखे, एकामागे एक.

लेआबाई पोटभर पाणी प्यायली. आत बाळाने अशी लाथ मारली की ती हसलीच.

चार दिवसांनी मुलगा झाला. आठव्या दिवशी नाव ठेवायला माणसं जमली. मुसाजीकाका पोथी वाचायचे. लेआबाईने त्यांना विचारलं, "काका, हिब्रूत दवाला काय म्हणतात?"

"ताल."

"मग हा ताल."

सासूबाई म्हणाल्या, "अगं, किती नाजूक नाव! मुलीला शोभेल."

"आई, दव कधी मुलाचं नि मुलीचं असतं का? ज्याला तहान लागली त्याचं ते."

सासूबाईंनी नाक मुरडलं. पण पुढच्या वर्षी नणंद बाळंतपणाला आली, तिला मुलगी झाली. तेव्हा सासूबाईच पाळण्यावर वाकून म्हणाल्या, "हिलाही ताल म्हणा!" मग काय, एक हाक मारली की दोघं धावत यायची.

पाऊस परत आला, विहीर गोडी झाली, सगळी सुखाने राहिली. चला, मिटा डोळे. सकाळी लवकर उठवीन, अनवाणी गवतात जायचंय आपल्याला.